एकेचाळीस जणी, एक कार्ड

माझ्या रागाला आमच्या घरात वेगळा शब्द आहे. "भट्टी पेटली," असं आमचे हे म्हणतात आणि पेपर घेऊन आतल्या खोलीत जातात. त्या आठवड्यात त्यांनी एकेक पेपर जाहिरातींसकट तीन-तीनदा वाचला असेल.

भट्टी पेटायला कारणही तसंच होतं. मी एका मोठ्या लाँड्रीत मुकादम आहे. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी आमच्याकडे येतात. तिथल्या एकेचाळीस जणींनी माझ्या धाकट्या बहिणीचं गाणं विकत घेतलं, आणि देशभरात कुठलं गाणं किती खपलं ते मोजणाऱ्या कचेरीने त्या एकेचाळीस जणींना एक धरलं. एक! एकेचाळीस तोंडं, ब्याऐंशी हात, आणि मोजायला बसलं की एक बाई. तीसुद्धा मीच.

धाकटीचा आवाज आमच्या शहरात प्रत्येकाने ऐकलाय, फक्त तो तिचा आहे हे कुणाला माहीत नाही. ती बसस्थानकावर घोषणा करते. "गाडी उशिरा सुटेल" हे ती अशा मायेने सांगते की चिडायला निघालेला माणूस पुन्हा बाकावर बसतो. गाते लहानपणापासून. पण आमच्याकडे गाणाऱ्या मुलीचं काय होतं, तर कुणाच्या घरी चार माणसं जमली की "ए, तू गा गं काहीतरी" आणि ताटं मांडली की "बास आता, निवतंय सगळं". असं करत करत तिने चाळिशी ओलांडली. मग कुठूनशी एका गाण्यांच्या कंपनीला ती सापडली आणि तिने स्वतः रचलेली अकरा गाणी त्यांनी ध्वनिमुद्रित केली.

आता करार ऐका. अकरातलं एक गाणं आधी बाहेर येणार. ते पहिल्या आठवड्यात देशाच्या पहिल्या शंभरात आलं, तर उरलेली दहा येणार. नाही आलं, तर दहाही कंपनीच्या कपाटात. शिवाय धाकटीने ती अकराही गाणी यापुढे कंपनीला विचारल्याशिवाय श्रोत्यांसमोर गायची नाहीत. तिचीच गाणी, तिनेच गायची नाहीत.

"ही गाणी आहेत की गहाण टाकलेले दागिने?" मी विचारलं.

"ताई, सही झालीय माझी."

"मला विचारायचंस तरी!"

"म्हणूनच नाही विचारलं," ती म्हणाली.

गाणं आमच्या आईवर होतं. आई याच लाँड्रीत होती. घरी आली तरी तिचे हात थांबायचे नाहीत. आम्हा दोघींना चादरीच्या दोन टोकांना उभं करायची, आणि आम्ही चालत चालत एकमेकींकडे यायचो. 'तू तिकडून ये, मी इकडून येते, मधे थोडी चादर उरू दे' असं ते गाणं. शेवटी आई दार लावून घेते आणि चादर एकटीच घडी करते. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भांडी घासायला उठले. रडू आलं की मी भांडी घासते.

कंपनीचा माणूस पोरगेला होता आणि प्रत्येक वाक्याला "काय म्हणता?" जोडायचा. त्याने मला समजावलं. ही यादी डाउनलोडची, म्हणजे लोकांनी पैसे देऊन उतरवून घेतलेल्या गाण्यांची. "आता सगळे फुकटच ऐकतात, विकत घेतं कोण, काय म्हणता? त्यामुळे तळाला तीस-चाळीस विक्रीनेसुद्धा जागा वरखाली होते. आठवडा शुक्रवारी सुरू, गुरुवारी संपला. ओळखीपाळखीच्या लोकांना सांगा."

सांगा! मला कुणाला काही सांगायला सांगणं म्हणजे पाण्याला उताराकडे जा म्हणण्यासारखं आहे.

आमच्या लाँड्रीची एक पद्धत आहे. साबण, हातमोजे, टोप्या, पायातले रबरी बूट, सगळं कोठीतून मुकादमाच्या नावावर निघतं. मी एकटी जाते, सगळ्यांचं आणते, वाटते. पूर्वी जी ती आपापलं आणायची, तेव्हा निम्मी पाळी कोठीच्या दारात भांडणात जायची. तीच पद्धत मी गाण्याला लावली. एकेकीने खातं उघडायचं, परवलीचा शब्द ठरवायचा, तो विसरायचा, म्हणजे पुढचं वर्ष उजाडलं असतं. मी म्हटलं, "सरा बाजूला, मी करते." डिलिव्हरीच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर आहे, गाड्यांच्या खेपा त्यावर चढवतात. माझं कार्ड घातलं, पहिलं गाणं स्वतःसाठी घेतलं. प्रत्येकीकडून पैसे हातात घेतले, आणि तिच्यासमोर बटण दाबलं.

"झालं. पुढची!"

गाडीवाला दादा रांगेत शेवटी उभा राहिला. "एकेचाळीस जणी म्हणता, त्यात मलाही धरा," तो म्हणाला. "चाळीसवर एक जण असं सांगायला बरं नाही वाटत."

"तुम्हाला काय हो गाण्यातलं कळतं?"

"काही नाही. पण बाई, तुमच्या रांगेबाहेर राहण्यातलं कळतं."

सगळे हसले. मीही हसले. तेव्हाच ऐकायला हवं होतं, पण आपलंच लग्न असलं की दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही.

बुधवारी कंपनीवाल्याचा फोन आला. कच्ची यादी कंपन्यांना आधी कळते. "शंभराच्या बाहेर आहे. अहो, तुम्ही चाळीसेक सांगितले होते ना? दिसत नाहीत कुठे, काय म्हणता?"

मी काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. आमचे हे पेपर घेऊन गेले.

गुरुवारी सुट्टी टाकून मी मोजणीच्या कचेरीत गेले. मला वाटलं होतं मोठी इमारत असेल. देशाच्या आवडीनिवडी मोजायच्या म्हणजे किती माणसं लागत असतील! निघाला तो दुसऱ्या मजल्यावरचा एक लांबट दिवाणखाना, खाली चष्म्याचं दुकान. आत पाच-सहा टेबलं, खिडकीत सुकलेलं कुंडीतलं झाड, आणि एका टेबलाशी माझ्याच वयाची एक बाई. अंगठ्याला पट्टी, चष्मा गळ्यात साखळीला. तिच्या पुढ्यातला चहा गार होऊन साय धरलेला. मला ती आवडली असती, दुसऱ्या कुठल्याही कामासाठी आले असते तर.

मी सगळं सांगितलं. तिने यंत्रात बघितलं.

"सापडलं. एका कार्डावर एकेचाळीस. म्हणून एक धरलंय."

"अहो, पण एकेचाळीस माणसं आहेत ती! रक्तामांसाची! चला माझ्याबरोबर, दाखवते."

"तुमचं खरं असेल," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, त्याने मला जास्तच चेव आला. "पण नियम का झाला ते ऐका. पूर्वी कंपन्या माणसं पाठवायच्या, आपलीच गाणी गाठोड्यांनी विकत घ्यायला. लोकांना वाटायचं, अरे, सगळा देश ऐकतोय, आपण मागे राहिलो. म्हणून एका कार्डाला एका गाण्यासाठी आठवड्यात एकच."

"चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच."

"संन्यासी कोण ते कार्डावर लिहिलेलं नसतं."

भिंतीवर चालू आठवड्याची कच्ची यादी लावली होती. पहिल्या जागी एका चमचमत्या गायकाचं नाव. तो कोण ते सांगत नाही. बसच्या पाठीवर सुद्धा त्याचे दात दिसतात.

"याचं ते गाणं चार प्रकारांत मिळतं ना? साधं, संथ, नाचाचं आणि नुसत्या वाद्यांचं? माझ्या पुतणीने चारही घेतली."

"हो."

"मग तिची किती धरली?"

तिने पहिल्यांदा चहाच्या कपाकडे बघितलं. "चार. वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत त्या. एकाच गाण्याच्या नावावर जमा होतात."

"म्हणजे एक पोरगी चार वेळा मोजली जाते. ती पण कशी, एकच तोंड चारदा धुतलंय आणि चार तोंडं झाली! आणि माझ्या एकेचाळीस बायका मिळून एक!"

"नियमात बसतं ते."

"तुम्ही माणसं मोजता की कार्डं?"

"कार्डं," ती म्हणाली. "माणसं आम्हाला इथून दिसत नाहीत हो."

शेजारच्या टेबलावरचे दोघे टाइप करायचे थांबले होते. मी खुर्ची ओढून बसले. सांगितलं, की मी इथून हलणार नाही, दुपारी डबा खाईन, संध्याकाळी खाली चष्मा करून घेईन आणि परत येऊन बसेन. ती मोजणीबाई हसली नाही, पण तिचा चेहरा जरा सैल झाला.

"यादी उद्या दुपारी पक्की होते. तक्रार आली तर चौकशी करायची आम्हाला मुभा आहे. कुणी वापरत नाही ती, पण आहे. मी उद्या सकाळी तुमच्याकडे फोन करते. प्रत्येकीने आपल्या तोंडाने सांगायचं, गाणं मी माझ्या इच्छेने घेतलं. सगळ्यांनी सांगितलं तर एकेचाळीस धरते. माझ्या सहीने."

"सगळ्या सांगतील!"

"आणि एकीनेसुद्धा म्हटलं, की घ्यायला लावलं, तर सगळं कार्ड एकच राहील. थोडे खरे, थोडे खोटे असं मला करता येत नाही."

"माझ्या बायका आहेत त्या," मी म्हटलं. "मी पाणी म्हटलं तर त्या घोट घेतात."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, तो हात मीच पुढे केला होता.

शुक्रवारी सकाळी फोन आला. डिलिव्हरीच्या खोलीला यंत्रांच्या बाजूला काच आहे, बाकीच्या भिंती कपड्यांच्या गाठोड्यांनी झाकलेल्या. फोनचा आवाज मोठा करून ठेवला आणि मी दाराशी उभी राहिले, एकेकीला आत सोडायला.

पहिली गेली ती भोंगा. वाळवणीच्या यंत्रांवर असते, त्या घरघरीवर मात करायची सवय असल्याने कानात सांगितलेलंही फाटकापर्यंत जातं.

"तुम्ही हे गाणं स्वतःच्या इच्छेने घेतलंत का?" फोनमधून मोजणीबाई.

"माझ्याच इच्छेने! अहो, मी नवरासुद्धा इतक्या इच्छेने केला नव्हता!"

फोनमध्ये खोकला आला. बाहेर हशा. मला इतकं बरं वाटलं! मग धुलाईच्या दोघी गेल्या, "हो" म्हणाल्या. दादा गेला. "मी जणींमध्ये आहे," म्हणाला, "आवाजावर जाऊ नका." त्याच्यामागून घड्या घालणाऱ्या, टाके घालणारी, डाग काढणारी. हो, हो, हो. जी ती 'हो' म्हणताना माझ्याकडे बघत होती. मी मान डोलवत होते, शाबास म्हटल्यासारखी.

मग आली मौनी.

तिचं खरं नाव मस्टरवर आहे, पण आम्ही सगळे मौनीच म्हणतो. इस्त्रीच्या टेबलावर बरीच वर्षं आहे. बोलणं म्हणजे "हं" आणि "नाही", आणि "नाही"सुद्धा सणासुदीला. ती फोनसमोर बसली, हात मांडीवर ठेवले.

"तुम्ही हे गाणं स्वतःच्या इच्छेने घेतलंत का?"

मौनी गप्प. मला वाटलं नेहमीचंच. मी म्हटलं, "बोल गं, हो म्हण."

तिने वळून माझ्याकडे बघितलं. "बाई, तुम्ही जरा बाहेर जाता का?"

फोनवर त्या बाईनेही ऐकलं होतं.

मी बाहेर गेले. काचेतून दिसत होतं. मौनीचे ओठ हलत होते. थांबले, परत हलले. इतक्या वर्षांचं बोलणं तिने साठवून ठेवलं होतं जणू, आणि आता ते माझ्या बहिणीच्या गाण्यावर उधळत होती. मी त्या काचेवर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं.

ती बाहेर आली.

"काय सांगितलंस?"

"खरं."

"काय खरं? मी तुझा हात धरला होता? मी तुझ्या पिशवीत हात घातला होता?"

"नाही," मौनी म्हणाली. "पण तुम्ही हातमोजे वाटता ना, तसं गाणं वाटलंत. हातमोजे कधी कुणी नको म्हणतं का?"

आणि टेबलाकडे निघून गेली. मी फोन उचलला तेव्हा मोजणीबाई म्हणाली, "उरलेल्यांना विचारत नाही आता. माफ करा. मला वाटलं होतं, सगळ्या म्हणतील हो."

"त्या भोंग्याचं तरी धरा! ती खरं बोलली!"

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तिचं मला फार धरावंसं वाटलं."

दुपारी यादी पक्की झाली. पहिला तोच, दात दाखवत. आम्ही कुठेच नाही. संध्याकाळी कंपनीवाल्याने धाकटीला कळवलं, की कराराप्रमाणे विषय संपला, काय म्हणता.

शनिवारी सकाळी मी कामाची फळी लावली. कुणी कुठे उभं राहायचं ते मी ठरवते, खडूने लिहिते. मोठ्या रोलरवर कुणाला राहावंसं वाटत नाही. चादर ओली आत जाते, कोरडी बाहेर येते, आणि मधली सगळी वाफ उभ्या माणसाच्या तोंडावर. तिथे मी आळीपाळीने लावते, न्यायाने लावते असं मला नेहमी वाटत आलंय. त्या दिवशी मी तिथे मौनीचं नाव लिहिलं. पाळी तिची नव्हती. मला माहीत होतं. खडू इतका जोरात दाबला की तुटला.

मौनीने फळी वाचली. टोपी घट्ट केली आणि रोलरकडे गेली.

आणि बाकीच्या माझ्याकडे बघत नव्हत्या. एकोणचाळीस माणसं, दादासकट, आणि एकाचीही नजर वर नाही. भोंगासुद्धा गप्प. एरवी कुणाची पाळी चुकली तर इथे छप्पर उडतं. आज कुणालाच आश्चर्य वाटलं नव्हतं. त्यांना हे आधीपासून माहीत होतं. मी बटण दाबून "पुढची!" म्हणत होते तेव्हाही त्यांच्या डोळ्यांसमोर हाच रोलर होता, आणि मला मात्र रांग दिसत होती, हौसेने उभी राहिलेली.

मला राग आला. म्हणजे होताच, पण आता तो कुठे ठेवू ते कळेना. मोजणीबाईवर ठेवावा, तर तिने एकेचाळीस जणींची एक बाई केली होती हे खरं. पण ते तिने नंतर केलं. तिच्याआधी मी केलं होतं.

तेवढ्यात धाकटी आली. बसस्थानकाचा गणवेश अंगावर, सकाळची पाळी अर्धी टाकून. तिला सगळं कंपनीवाल्याकडून कळलं होतं. माया गाड्यांसाठी राखून ठेवते ती. मला मिळाला तो दुसरा आवाज.

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"तुझ्यासाठीच केलं ना मी!"

"माझ्यासाठी नाही. तुझी बहीण शंभरात यावी म्हणून. ताई, मी एकशे एकावी आले असते तर चाललं असतं मला. निदान कळलं असतं, इतक्या माणसांना हवं होतं. आता तेही कळायचं नाही. आता ज्यांनी कुणी घेतलं असेल, त्यातलं तुला भिऊन कोण आणि मला ऐकून कोण, कसं ओळखू मी?"

"आवडलंय गं त्यांना."

"कुणाला? काय म्हणाल्या?"

कुणी काहीच म्हणालं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. आम्ही दोघी डिलिव्हरीच्या खोलीत गेलो, आणि मी कॉम्प्युटर उघडला. तिथे धाकटीचं गाणं होतं. एकाखाली एक, एकाखाली एक, एकेचाळीस वेळा, नावापुढे आकडे लागलेले, बायकांसारखी रांगेत उभी. कुणाच्या फोनमध्ये गेलं नव्हतं, कुणाच्या घरी गेलं नव्हतं. आणि त्या कॉम्प्युटरला आवाजाची पेटी, म्हणजे स्पीकरच नाही. गाड्यांच्या खेपांना कशाला हवी पेटी?

"म्हणजे ऐकलेलंच नाही कुणी," धाकटी म्हणाली.

मग ती हसली. मला वाटलं होतं रडेल. ती पोट धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि ते पाणी मग नुसतंच पाणी राहिलं. बाहेर काचेला नाक लावून भोंगा उभी होती.

"तूच म्हण ना आता इथे," मी म्हटलं. "ऐकतील."

"नाही म्हणता येणार. श्रोते जमवून गायचं नाही असं लिहिलंय."

"लाँड्रीत कसले श्रोते?"

"एकेचाळीस जणी म्हणजे कार्यक्रम होतो, ताई."

"वा!" मी ओरडले. "विकत घेताना एक, आणि गप्प बसवताना एकेचाळीस! हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात?"

ते ओरडणं भोंग्याच्या तोडीचं झालं असणार, कारण यंत्रांपाशी सगळ्यांनी माना वळवल्या.

मी बसले आणि पुसायला लागले. एक गाणं पुसलं, दुसरं पुसलं. धाकटी बघत उभी राहिली. चाळीस गेली, एक ठेवलं. ते माझं होतं, तेवढं तरी नक्की. दादाने गाडीतली लहानशी पेटी काढून आणली, तार कुठे खुपसायची ते त्यालाच ठाऊक. मी जोडायला सांगितलं आणि खोलीचं दार उघडून बाहेर गेले. कुणाला थांबा म्हटलं नाही, कुणाला ऐका म्हटलं नाही. मला फार जड गेलं ते.

फळीवरचं मौनीचं नाव पुसलं आणि रोलरपाशी गेले. "तू टेबलावर जा. मी उभी राहते इथे."

"निम्म्या झाल्यात," मौनी म्हणाली. "आता मी संपवते."

"पाळी तुझी नव्हती."

"मला माहीत आहे."

"चुकलं माझं."

ती वाफेतून माझ्याकडे बघत राहिली. "टोक धरा," म्हणाली. "जमिनीला लागतंय."

मी चादरीचं दुसरं टोक धरलं. गाणं सुरू झालं होतं. वाळवणीची यंत्रं चालूच होती, कुणी बंद केली नाहीत, त्यामुळे निम्मे शब्द घरघरीत जात होते. मौनी तिकडून येत होती, मी इकडून. ती माझ्या हातात तिची टोकं देत होती, खाली वाकून घडी उचलत होती, परत मागे जात होती. कुणी रडलंबिडलं नाही. डाग काढणारी बाई मधेच दादाला विचारत होती, तिसऱ्या गाडीत उशांचे अभ्रे चढवले का म्हणून.

गाणं संपलं. धाकटी दारात उभी होती, हातात हात घट्ट धरून. बसस्थानकावर तिला कधी समोरचा माणूस दिसत नाही.

"कसं आहे?" तिने विचारलं. सगळ्यांना विचारलं, पण बघत होती मौनीकडे.

मी भोंग्याकडे बघितलंही नाही, न जाणो तिला वाटायचं मी डोळ्याने खुणावतेय.

मौनीने चादर गठ्ठ्यावर ठेवली, वरून हात फिरवला. "मधलं कडवं लांबलंय."

"हं," धाकटी म्हणाली.

"आणि तो बाजा कशाला एवढा? आईचं गाणं ना? माणूस ऐकू येत नाही त्यात."

"तो कंपनीने घातला."

"मग काढा."

"काढता येत नाही. ते आता त्यांचं आहे."

मौनीने पुढची चादर ओढून घेतली. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता, आणि तो माझ्यामुळे होता, ही गोष्ट मला तिथे उभं राहून बघावी लागत होती.

"पण ती दार लावून घेते, तिथे बरं आहे," ती शेवटी म्हणाली. "तेवढं परत लावा."

दादाने माझ्याकडे बघितलं, लावू का म्हणून.

"मला काय विचारता?" मी म्हटलं. "तिला हवंय."